गर्दीच्या उलट

आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत शर्यतीच्या घोड्याचा विषय वडीलधाऱ्यांसमोर निघत नसे. तरीही कापसाचा पैसा हाती येतो त्याच दिवसांत हैदराबादला मलकपेठच्या मैदानावर हिवाळी हंगाम रंगात असतो आणि कामानिमित्त शहरात गेलेली पावले कधीमधी तिकडे वळतात. आमचीही वळली आहेत. मात्र तेथे आम्ही घोड्यांपेक्षा माणसेच अधिक न्याहाळली.

बहुतेकांची रीत एकच. मागच्या शर्यतीतला विजेता, नामांकित जॉकी आणि ज्याचे नाव सर्वांच्या तोंडी तो घोडा. ही रीत घोडा ओळखण्यात फारशी चुकत नाही. चुकते ती किमतीत. टोटवर सर्वांचा पैसा एकत्र होतो, त्यातून कपात होते आणि उरलेला जिंकणाऱ्यांत वाटला जातो. हिशेबापुरते समजा, १ लाख जमले आणि २० हजार कापले. लाडक्या घोड्यावर त्यांपैकी ६० हजार असतील, तर तो जिंकूनही रुपयाला १ रुपया ३३ पैसेच मिळतील. शंभरांत ६० वेळा जिंकणारा घोडाही या भावात तोट्याचा. उलट ज्याच्यावर ८ हजारच लागले, तो रुपयाला १० देतो. आठांत एकदा जिंकण्याइतका दम त्याच्यात असेल, तर तोच सौदा खरा.

मग गर्दीच्या उलट गेले की झाले? तसेही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रिफिथ यांना १९४९ साली आढळले की, दुर्मीळ आशेच्या घोड्यांवर लोक योग्यतेपेक्षा अधिक पैसा लावतात. गर्दीला चमत्कारही प्रिय असतो. शक्यता आणि किंमत यांतील अंतर ज्याने त्यानेच मोजावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानले खरे. पण लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. इतके अंतर कोणते कौशल्य भरून काढणार?

म्हणून आम्ही घोडा तेथेच सोडतो, हिशेब मात्र घरी आणतो. आपल्या जिल्ह्यात कापूस हाच सर्वांचा लाडका घोडा. एका साली भाव चढला की पुढच्या साली शिवारभर तोच. पेरणीआधी, कोणते पीक उत्तम, एवढेच आपण विचारतो. सर्वांनी तेच पेरल्यावर पदरात काय उरेल, हे विचारीत नाही. मैदानावर हरलेल्याचा खिसा रिकामा होतो. येथे बियाण्या-खतासाठी काढलेले कर्ज वर्षभर उंबऱ्यावर बसून राहते.