एका पानावर दोन दिशा

आदिलाबादेत कापसाच्या हंगामात हिशेबाची टिपणं पाहिली, तर एकाच पानावर तेलुगू, देवनागरी आणि उर्दू अशा तीन लिप्या सापडतात. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती. पैनगंगेपलीकडे विदर्भ. 1956 साली किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखाला जोडले गेले, तरी सोयरिकी आणि देणीघेणी चालूच राहिली. 2017 पासून उर्दू साऱ्या तेलंगणाची दुसरी राजभाषा आहे. टिपणं लिहायच्या वेब-ॲपचा एडिटर बांधणं हे माझं काम. इथल्या माणसाला 'तुमची भाषा निवडा' असं विचारून अख्खं ॲप उजवीकडून डावीकडे फिरवणं मला मान्य नाही. दिशा परिच्छेदागणिक ठरली पाहिजे, आणि ती लिहिलेल्या मजकुरावरूनच ठरली पाहिजे.

संगणकात अक्षरं टंकलेल्या क्रमानंच साठवली जातात. उलटापालट होते ती पडद्यावर मांडताना, आणि तिचे नियम युनिकोडनं घालून दिले आहेत. प्रत्येक चिन्हाचा एक वर्ग ठरलेला आहे. देवनागरी आणि तेलुगू अक्षरं ठामपणे उजवीकडे जातात, उर्दू अक्षरं तितक्याच ठामपणे डावीकडे. मोकळी जागा, कंस, उद्गारचिन्ह यांना स्वतःची दिशा नाही. ती शेजाऱ्यांकडून येते.

खरी जोखीम अंकांत आहे. उर्दूतही संख्या डावीकडूनच वाचतात, त्यामुळे इथे काही बिघडेल असं कुणाला वाटत नाही. समजा, उर्दू वाक्यात उधारीची तारीख टंकली: 05-08-12, म्हणजे 5 ऑगस्ट 2012. उर्दू अक्षरांमागून आलेल्या अंकांना नियमावली वेगळ्या वर्गात टाकते, आणि त्या वर्गात आडवी रेघ अंकांना एकत्र धरून ठेवत नाही. तीन तुकडे सुटे होतात आणि वाक्याच्या ओघानं उजवीकडून लागतात. पडद्यावर दिसतं 12-08-05. वाचणारा 12 ऑगस्ट 2005 वाचून मोकळा होतो. साठवलेला मजकूर अगदी बरोबर असतो, म्हणून नेहमीच्या चाचण्यांत ही चूक पकडलीच जात नाही; आणि व्याजाच्या हिशेबात सात वर्षांचा फरक म्हणजे माणसाचं नुकसान. तीच तारीख तिरक्या रेघेनं 05/08/12 अशी लिहिली की शाबूत राहते, कारण ती रेघ दोन्ही वर्गांतल्या अंकांना जोडते. हिब्रूत आडवी रेघही चालते. त्यामुळे एडिटर फक्त हिब्रूवर तपासून 'उजवीकडून लिहिण्याची सोय झाली' असं जाहीर करणं धोक्याचं आहे.

मराठी माणसानं लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट. देवनागरी अंकांचा वर्ग युनिकोडमध्ये अक्षरांसारखाच ठाम आहे. ०५-०८-१२ ही तारीख उर्दू वाक्यात टाकली तरी हलत नाही. पण ब्राउझर परिच्छेदाची दिशा आपोआप ठरवतो तेव्हा पहिलं ठाम चिन्ह शोधतो. '1.' लिहून पुढे उर्दू आलं तर तो अंक ओलांडून उर्दू अक्षराशी थांबतो आणि दिशा बरोबर लागते. '१.' लिहिलं की तिथेच थांबतो, आणि सगळी उर्दू ओळ डावीकडून मांडली जाते. म्हणून यादीतला क्रमांक मजकुराचा भाग ठेवू नये. तो एडिटरनं वेगळा काढून द्यावा. उर्दू परिच्छेद देवनागरीत लिहिलेल्या नावानं सुरू झाला तरी असाच घोटाळा होतो. त्यासाठी दिशा हातानं बदलायचं बटण हवंच.

तारखा आणि फोन नंबर यांवरचा उपाय 2013 मध्ये, युनिकोड 6.3 बरोबर आला: मजकुराचा तुकडा आजूबाजूपासून अलग ठेवणारी अदृश्य चिन्हं. एडिटरनं तारीख ओळखावी, तिची दिशा डावीकडून उजवीकडे ठरवावी आणि तिला या चिन्हांत, किंवा ॲपच्या आत त्याच कामाच्या एचटीएमएल खुणांत, गुंडाळावं. बाकी मांडणीत 'डावा समास' म्हणण्याऐवजी 'ओळीच्या सुरुवातीचा समास' म्हटलं, की यादीचे ठिपके आणि चौकटी आपसूक योग्य बाजूला जातात.

उर्दूच्या नस्तालीक वळणाकडे मात्र खास लक्ष द्यावं लागतं. त्यात शब्द तिरपे उतरतात, त्यामुळे देवनागरीला पुरणाऱ्या ओळीच्या उंचीत वरची-खालची टोकं छाटली जातात. उर्दूवर वाढलेल्या डोळ्याला ते वाचवत नाही. शोधाचंही तसंच. उर्दूचा 'ये' आणि अरबीचा 'ये' शब्दाच्या मध्ये सारखेच दिसतात, पण युनिकोडमधले क्रमांक वेगळे. अरबी कळफलकावर टंकलेलं नाव उर्दू कळफलकावरून शोधलं तर सापडत नाही. शोधण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणावे लागतात.

शेवटची अडचण टिपण ॲपबाहेर जाताना येते. साधा मजकूर म्हणून व्हॉट्सॲपवर चिकटवला की एचटीएमएलच्या खुणा गळून पडतात आणि तारीख पुन्हा उलटते. म्हणून कॉपी करतानाच अलग ठेवणारी चिन्हं मजकुरात घालावी लागतात. काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. तिथे आम्ही लिहिणाऱ्याला विचारून आडव्या रेघेच्या जागी तिरकी रेघ घालतो.