सावलीतला संत्रा

मोर्शीत कॅमेऱ्यावर पोट असणाऱ्याचे हंगाम दोन. लग्नाचा आणि संत्र्याचा. लग्नाचा सगळ्याच गावांत असतो. संत्र्याचा मात्र आमच्या मोर्शी-वरुड पट्ट्याचा, आणि तोही अलीकडचा. आंबिया बहार ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडीला येतो, तेव्हा बागायतदार व्यापाऱ्याला आधी मोबाइलवर फोटो पाठवतो. व्यापारी दूर कुठल्या तरी मंडीत असतो. बागेत पाय ठेवण्याआधीच त्याच्या मनात भाव ठरू लागतो, आणि तो ठरतो रंगावर. म्हणून ज्याची बाग मोठी, तो मला बोलावतो.

संत्र्याचं झाड फार उंच नसतं, पण दाट असतं. फळांच्या ओझ्यानं फांद्या जमिनीकडे येतात, त्यांना बांबूचे टेकू दिलेले असतात. फोटो काढायला त्या टेकूंमधून वाकून आत शिरावं लागतं, आणि आत शिरलं की उजेड बदलतो. पानांच्या फटींतून थोडं थेट ऊन येतं. पानांमधून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, आणि बाजूच्या मोकळ्या आभाळाचा निळसर. माणसाच्या डोळ्याला यातलं काही जाणवत नाही, कारण मेंदू घडीभरात जुळवून घेतो आणि पांढरा सदरा सावलीतही पांढराच दाखवतो. कॅमेऱ्याला ती सोय नाही. ऑटोवर ठेवला तर तो असं गृहीत धरतो, की समोरच्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडीच्या आसपास येते. बागेत पाऊण चौकट हिरवी. कॅमेरा तो हिरवा मारायला किरमिजी छटा टाकतो, आणि अर्धवट रंगलेलं फळ एकदम शेंदरी दिसू लागतं. बागायतदार खूश होतो. ट्रक मंडीत उतरल्यावर त्याच फोटोवरून वाद होतो, तो वेगळा.

नवशिके यावर केल्विनचा आकडा फिरवतात. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. उजेडाच्या रंगाचा आकडा त्याच हिशेबातला. जुना पिवळा बल्ब 2800 च्या आसपास, दुपारचं ऊन 5200 ते 5500, मोकळ्या सावलीत 7000 च्या वर. गंमत म्हणजे आपण ज्याला थंड निळा उजेड म्हणतो, त्याचा आकडा जास्त गरम. पण हा आकडा पिवळा आणि निळा या एकाच रेषेवर सरकतो. पानांतून आलेला हिरवा त्या रेषेवर नसतोच. त्यामुळे झाडाखाली 6000 करा नाहीतर 8000, फळाची साल कुठेतरी खोटी वाटत राहते.

तिथं कार्डावर मोजण्याला पर्याय नाही. मी राखाडी कार्ड वापरतो, 18 टक्के उजेड परतवणारं. ते फळाच्या अगदी शेजारी धरायचं, आणि फळाचं जे अंग कॅमेऱ्याकडे आहे त्याच दिशेला तोंड करून. अनेकजण स्वतः उन्हात उभे राहून हातातलं कार्ड मोजतात आणि मग सावलीतलं फळ टिपतात. ते मोजमाप त्यांच्या स्वतःच्या अंगावरच्या उजेडाचं होतं. कार्डानं चौकटीचा मधला भाग भरायचा. कोऱ्या कार्डावर ऑटोफोकस लागत नाही, फोकस हातानं करायचा. निकॉनमध्ये 'प्री' निवडून थेट मोजता येतं, जमलं की कॅमेराच तसं सांगतो. कॅननमध्ये आधी कार्डाचा फोटो काढायचा, मग मेनूतून तो निवडायचा, आणि त्यानंतर व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं पांढरंच दाखवण्याचा, मोडही 'कस्टम'वर न्यायचा. हा शेवटचा टप्पा राहिला, तर आधीची सगळी मेहनत नुसती साठवलेली राहते. आत कॅमेरा फार काही करत नाही: कार्डावरचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही एका पातळीवर येईपर्यंत लाल आणि निळ्याला गुणत जातो. तेच गुणक मग फळाला लागतात.

कार्ड विसरलं तर लोक हाताशी असलेलं पांढरं काहीही धरतात, आणि खेड्यात पांढरं म्हणजे धोतर, टोपी नाहीतर दुपट्टा. हे कपडे निळीत बुचकळलेले असतात. वर हल्लीच्या पावडरींत असं काही द्रव्य असतं, की उन्हातली अतिनील किरणं पडली की कापड निळसर उजळतं. डोळ्याला ते जास्तच पांढरं भासतं. त्यावर मोजलं की कॅमेरा तो निळा कापतो आणि सगळा फोटो पिवळट येतो. झेरॉक्सचा कागदही याच जातीचा. शिवाय पांढऱ्यावर उजेड जरा जास्त पडला, की तिन्हींपैकी एखादा रंग फुटतो आणि मोजमाप गेलंच समजा. राखाडी कार्डाला ही भीती कमी.

एवढं करून खरा रंग आला, की बागायतदाराचा चेहरा उतरतो. कारण आंबियाच्या पहिल्या तोडीचं फळ खरोखरच हिरवट असतं. रात्री थंड झाल्याशिवाय सालीतला हिरवा ओसरत नाही आणि आतला केशरी वर येत नाही. आत रस भरलेला असतो, गोडी आलेली असते, पण साल मागे. "भाऊ, जरासा केसरी वाढवता नाही येत काय?" हे ठरलेलं वाक्य. मी म्हणतो, येतो, पण मग कार्ड चौकटीतून काढावं लागेल. माझ्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात कार्डाचा तुकडा दिसतो. ते राखाडी दिसलं तर फळाचा रंग खरा, हे समजणारे व्यापारी आता आहेत. आणि मला असं वाटतं, की सालीचा हिरवटपणा लपवण्यापेक्षा सोललेली एक फोड शेजारी ठेवून तिचा फोटो द्यावा. भाव वाढतो की नाही, ते मंडी जाणे; निदान फळाची बाजू पूर्ण मांडली जाते.

लग्नात मात्र माझा हा कडकपणा टिकत नाही, आणि टिकूही नये. हळदीचं घ्या. नवरीचं अंग पिवळं, लुगडी पिवळी, मागचा पडदा झेंडूचा. ऑटोवरचा कॅमेरा या सगळ्या पिवळ्याला उजेडाचा दोष समजून धुऊन काढतो, आणि हळद लागलेल्या गालावर राख फासल्यासारखी कळा येते. कार्ड मोजलं की हळद हळदीसारखी येते. पण गोरज मुहूर्त असेल आणि तिरपं ऊन मांडवात शिरलं असेल, तर मी कार्ड खिशातच ठेवतो, आकडा 5200 वर बांधतो. त्या उन्हात मोजून पांढरं पांढरं केलं, तर संध्याकाळची दुपार होते. ज्यांनी मुहूर्त काढायला पंचांग पालथं घातलं, त्यांना दुपार कशी द्यायची?

रॉमध्ये, म्हणजे रंग पक्का न करता काढा, मग घरी बसून सुधारा, असं सांगणारे बरेच. फोटोपुरतं खरं आहे. पण आमच्या बहुतेकांच्या कॅमेऱ्यांत व्हिडिओचा रंग तिथल्या तिथे पक्का होतो, आणि महिन्याभरानं संगणकासमोर बसल्यावर शालू डाळिंबी होता की मोरपंखी मिश्रित, हे कोणाला आठवतं? रिळाच्या काळात हा निवाडा लॅबमध्ये बसलेला माणूस करायचा, ज्यानं नवरी पाहिलेलीच नसायची. "जरा गोरी करून द्या" ही मागणी तेव्हाही होती, आताही आहे. निळा वाढवून माणूस गोरा होत नाही, आजारी दिसतो, एवढं मी सांगतो आणि पुढे जातो.

सगळ्यात मोठी अडचण मांडवाच्या छताची. गुलाबी कापडातून दुपारचं ऊन उतरलं की नवरानवरी गुलाबी, कडेला बसलेले वऱ्हाडी एलईडीत हिरवे, आणि एका कार्डानं दोघांचं समाधान होत नाही. मागच्या हंगामात मी मांडववाल्याला म्हटलं, निदान बोहल्यावर तरी पांढरं कापड लाव.

"लगनात पांढरं? काय बोलून राह्यले भाऊ? लोकं काय म्हंतीन मले!"

शेवटी मोतिया कापडावर तडजोड झाली. त्याखाली मोजलेले चेहरे सरळ आले. मोतिया कापडाचं भाडं त्यानं बिलात वेगळं लावलं, आणि वधूपित्यानं विचारलं तेव्हा माझ्याकडे बोट दाखवलं.