मुदतीआधी

गृहकर्ज मंजूर झालं की बँक परतफेडीचं वेळापत्रक देते. वीस वर्षांचं कर्ज असेल तर दोनशे चाळीस ओळी, आणि प्रत्येक ओळीत चार आकडे: हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल, उरलेली बाकी. करारनामा लोक वकिलाला दाखवतात, फ्लॅटचा नकाशा नातेवाइकांना दाखवतात. हे वेळापत्रक मात्र फाइलमध्ये एकदा गेलं की सहसा बाहेर येत नाही. खरं तर घरात आलेल्या सगळ्या कागदांत पुढच्या वीस वर्षांबद्दल सर्वांत जास्त सांगणारा कागद हाच असतो. पन्नास लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षांची मुदत धरली तर हप्ता येतो ४३,३९१ रुपये. पहिल्या ओळीत व्याज ३५,४१७ आणि मुद्दल ७,९७४. पहिल्या वर्षात बँकेत पाच लाख वीस हजार भरले जातात आणि कर्ज मात्र पुरतं एक लाखानंही उतरत नाही. हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला जवळपास बारा वर्षं लागतात, निम्मं कर्ज फिटायला जवळपास चौदा. शेवटची ओळ गाठेपर्यंत नुसतं व्याजच चोपन्न लाखांवर गेलेलं असतं.

यात कुणाची लबाडी नाही. व्याज उरलेल्या बाकीवर लागतं आणि सुरुवातीला बाकी सर्वांत मोठी असते, एवढंच. पण याच साध्या नियमामुळे जादा भरलेल्या रुपयाचं वजन तो कधी भरला यावर ठरतं. वरच्याच कर्जात पहिल्या वर्षाच्या अखेरीस दोन लाख जादा भरले, तर शेवटचे एकवीस हप्ते टळतात, म्हणजे नऊ लाखांहून अधिक रुपये. तेच दोन लाख पंधराव्या वर्षाच्या अखेरीस भरले तर जेमतेम सात हप्ते टळतात. आपल्या घरांत घडतं बरोबर उलट. पहिली काही वर्षं बोनस फर्निचरला, किचन ट्रॉलीला, नव्या गाडीच्या डाउन पेमेंटला जातो. आणि पन्नाशी दिसू लागली की ‘एकदाचं हे कर्ज मिटवून टाकू’ म्हणत एफडी मोडली जाते. तोवर द्यायच्या व्याजातलं बहुतेक व्याज देऊन झालेलं असतं. कर्ज मुदतीआधी फेडावं असं माझं ठाम मत आहे, पण त्या मताचा सगळा जोर पहिल्या सात-आठ वर्षांवर आहे.

बँकेत जादा रक्कम भरताना अर्जावर एक प्रश्न असतो: हप्ता कमी करायचा की मुदत? दिसायला किरकोळ, पण लाखोंचा फरक या एका खुणेत आहे. पहिल्या वर्षाअखेर भरलेल्या त्या दोन लाखांच्या बदल्यात हप्ता कमी करून घेतला, तर महिन्याला साधारण १,७७० रुपये वाचतात. एकोणीस वर्षांचे मिळून चार लाख होतात, पण ते हातात एकदम कधीच येत नाहीत. किराणा, पेट्रोल, मोबाइलचं बिल यांत विरून जातात. मुदत कमी केली तर हप्ता तोच राहतो आणि आयुष्यातली जवळपास पावणेदोन वर्षं मोकळी होतात. नोकरी डळमळीत असेल किंवा घरात आजारपण असेल, तर हप्ता कमी करणंच शहाणपणाचं. एरवी मुदत कमी करावी, आणि तसं लेखी सांगावं.

आधीच्या पिढीला हा प्रश्न पडत नव्हता, कारण घर बहुधा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी हातात आल्यावर व्हायचं. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ मध्ये मुंबईत एचडीएफसी सुरू केली आणि पगारदार माणसाला उमेदीच्या वयात घर घेता येईल अशी वाट पडली. ही मोठी गोष्ट आहे. कर्ज काढून घर घेऊच नये, असं सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. ऋण काढून सण करू नये हे खरं असलं तरी घर हा सण नव्हे. पण तिशीत घर मिळालं म्हणजे पन्नाशीपर्यंतचा पगार गहाण पडला, हेही त्याच व्यवहाराचं दुसरं अंग. महाराष्ट्राला व्याजाच्या मर्यादेचा विचार नवा नाही. जुन्या हिंदू कायद्यातला दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातली न्यायालयंही मानत होती: सावकाराला एका वेळी वसूल करता येणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. १८७५ मध्ये सुपे आणि पुणे-अहमदनगरच्या गावोगावी शेतकऱ्यांनी सावकारांकडची खतं हिसकावून जाळली, तीही व्याजाच्या याच ओझ्याखाली. आजच्या गृहकर्जाची त्या सावकारीशी बरोबरी करणं अन्यायाचं होईल. शिवाय दामदुपटीचा नियम थकलेल्या व्याजापुरता होता. वेळच्या वेळी भरलेलं व्याज त्यात मोजलं जात नसे. तरीही मुद्दलाएवढं व्याज ही कुठेतरी थांबायची जागा आहे ही समज त्यामागे होती, आणि पन्नास लाखांवर चोपन्न लाख भरणारं आजचं घर ती जागा नियमितपणे, एकही हप्ता न चुकवता, ओलांडून जातं.

यावर पहिला आक्षेप हिशेबी माणसांचा. कर्जाचा दर साडेआठ, शेअर बाजार दीर्घ मुदतीत बारा टक्के देतो, मग जादा पैसे कर्जात कशाला घालायचे? कागदावर हा युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण साडेआठ टक्के वाचणार हे ठरलेलं आहे, त्यावर कर नाही. बारा टक्के ही आशा आहे. आणि यापेक्षा मोठी अडचण अशी की हा हिशेब पगार चालूच राहील असं धरून केलेला असतो. जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरात आठ हजारांखाली आला. २०२० च्या जानेवारीत बेचाळीस हजारांवर असलेला सेन्सेक्स २३ मार्चला सव्वीस हजारांखाली बंद झाला. या दोन्ही वेळी बाजारासोबत नोकऱ्याही कोसळल्या. म्हणजे गुंतवणूक विकायची वेळ आली ती भाव सर्वांत पडलेले असताना, आणि बँकेचा हप्ता त्या महिन्यातही ठरल्या तारखेला खात्यातून जात होता. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, पण व्याज चढतच राहिलं. ज्या घराचं कर्ज तोवर दोन वर्षांवर आलं होतं आणि ज्याचं अठरा वर्षांचं बाकी होतं, त्या दोन घरांना तोच एप्रिल सारखा गेला नसणार. परताव्याच्या टक्क्यांत हा फरक कुठेच मोजला जात नाही. एफडीत पैसे पडून असतील तर वाद घालायलाही जागा नाही: सात टक्क्यांच्या एफडीतून तीस टक्क्यांच्या कराच्या टप्प्यातल्या माणसाला पाच टक्क्यांच्या आतच उरतात, आणि तोच माणूस शेजारच्या खिडकीवर साडेआठ टक्के भरत असतो.

कराच्या सवलतीचा आक्षेप मात्र मला फार टिकणारा वाटत नाही. राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंतचीच वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याज चार लाख वीस हजारांच्या घरात आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक व्याजावर काहीच सवलत नाही. नव्या करप्रणालीत राहत्या घराला ही वजावटच नाही. आणि जिथे ती पूर्ण मिळते, तिथेही शंभर रुपये व्याज देऊन एकतीस रुपये कर वाचतो.

महागाईचा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्याचं उत्तर देताना घाई करू नये. हप्ता तोच राहतो, पगार वाढतो, रुपया स्वस्त होतो. सहा टक्के महागाई धरली तर वीस वर्षांनंतरचे ४३,३९१ रुपये आजच्या साडेतेरा हजारांएवढे. मग आज पोटाला चिमटा काढून जादा का भरायचं? स्थिर दराच्या कर्जात या म्हणण्यात बरंच तथ्य आहे. पण आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची आहेत, आणि ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची अशी नवी कर्जं बाहेरच्या दराला, बहुधा रेपोला, जोडलेली असतात. महागाई भडकली की रिझर्व्ह बँक रेपो वाढवते आणि कर्जाचा दर मागोमाग चढतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो चारवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. सात टक्क्यांनी घेतलेल्या पन्नास लाखांच्या कर्जाचा हप्ता होता ३८,७६५. दर साडेनऊ झाल्यावर पन्नास लाखांवर महिन्याचं व्याजच ३९,५८३ होतं. म्हणजे ज्यानं नुकतंच कर्ज घेतलं होतं त्याचा पूर्ण हप्ता व्याजालाही पुरेना. बँकांनी अनेकांचा हप्ता न वाढवता मुदत लांबवली, आणि साठीच्या आत फिटणारी कर्जं साठीपलीकडे गेली, ती बऱ्याच जणांच्या ध्यानातही न येता. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम आधी भरायची, हे कर्जदाराला विचारा. महागाईचा फायदा कर्जदाराला होतो हे पुस्तकातलं सूत्र आपल्या कर्जात असं अर्ध्यावर तुटतं. बाकी जेवढी लहान, तेवढा दरवाढीचा तडाखा लहान, हे मात्र पूर्ण लागू पडतं.

एक आक्षेप मी मान्य करतो, आणि तो मान्य केल्याशिवाय माझं म्हणणंही पुरं होत नाही. कर्जात घातलेला पैसा भिंतीत जातो. अडल्या वेळी बाथरूमची फरशी विकून रुग्णालयाचं बिल भरता येत नाही. म्हणून जादा फेडीआधी काही गोष्टी झाल्याच पाहिजेत: निदान सहा महिन्यांचा घरखर्च हप्त्यासकट बाजूला, कुटुंबाचा आरोग्यविमा, कर्जाच्या रकमेला पुरेसा टर्म विमा, आणि क्रेडिट कार्डाची किंवा पर्सनल लोनची बाकी शून्य. चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज घेणारं कार्ड तसंच ठेवून साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे मोठं भोक सोडून लहान बुजवणं. निवृत्तीसाठीची नियमित बचतही थांबवू नये. हे सगळं झाल्यावर उरतं ते थोडंच, असं कुणी म्हणेल. थोडंही पुरतं. वर्षातून फक्त एक हप्ता जादा भरला, बाकी काहीही बदललं नाही, तरी वीस वर्षांचं आपलं कर्ज सोळा वर्षं आठ महिन्यांत संपतं आणि दहा लाखांच्या आसपास व्याज वाचतं. जून २०१२ पासून बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकांना मुदतपूर्व फेडीचा दंड वैयक्तिक कर्जदाराकडून घेता येत नाही, त्यामुळे पन्नास हजारही निर्धास्त भरता येतात. त्यासाठी घरातल्या दोघांनी जमाखर्च एकत्र बसून बघावा लागतो. अनेक घरांत हप्ता एकाच्या खात्यातून जातो आणि घरखर्च दुसऱ्याच्या हातून होतो. शिल्लक किती राहते हे दोघांपैकी कुणालाच नीट ठाऊक नसतं. पगारवाढ झाल्यावर वाढीचा अर्धा भाग कर्जाला, असं एकदा ठरवून टाकलं की दर महिन्याला मन मारावं लागत नाही.

आता वर्षाला एक हप्ता जादा भरून वाचलेले ते तीन वर्षं चार महिने कुठे येतात ते पाहू. बत्तिसाव्या वर्षी कर्ज घेतलं तर ते एकोणपन्नासाव्याच्या तोंडावर संपतं. मूल तेव्हा बारावी ओलांडून अभियांत्रिकीत किंवा वैद्यकीयला असतं, आईवडील ऐंशीच्या आसपास, आणि खाजगी नोकरीतल्या माणसाला कपातीच्या यादीत आपलं नाव येईल का, ही धास्ती नेमकी याच वयात. या चाळीस महिन्यांत बँकेला जाणारे सतरा लाख तेव्हा घरात असतात. नोकरी गेलीच तर कमी पगाराची स्वीकारता येते, सहा महिने थांबता येतं, गावाकडे परतून काही सुरू करता येतं. बाजाराच्या बाजूनं बोलणाऱ्यांना यात एक उत्तर आहे: कर्ज संपल्यावर तोच हप्ता निवृत्तीच्या बचतीकडे वळवला, तर साठीपर्यंत गुंतवणुकीला अकरा वर्षं मिळतात, आणि तेव्हा ती डोक्यावर बँकेची तारीख नसताना होते. त्यासाठी पहिल्या मोकळ्या महिन्यातच नवी वजावट सुरू करावी, नाहीतर वर्षभरात खर्च त्या रकमेपर्यंत चढतो.

कर्ज फिटल्यावरचं काम लोक अर्धवट सोडतात. सप्टेंबर २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत देणं आणि नोंदवलेला बोजा उतरवणं बंधनकारक आहे. बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. पण कागद घेताना यादी कर्जदारानंच ताडून पाहावी: मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, आधीच्या खरेदीखतांची साखळी, शेअर सर्टिफिकेट बँकेत दिलं असेल तर तेही. ना हरकत प्रमाणपत्राची प्रत सोसायटीला देऊन तिच्या दप्तरातली तारणाची नोंद कमी करून घ्यावी, सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर बोजा चढवला असेल तर तो उतरल्याचा उतारा काढावा, आणि महिन्याभरानं सिबिलच्या अहवालात कर्ज बंद दिसतं आहे ना ते तपासावं. हे राहून गेलं तर वीस वर्षांनी घर विकताना किंवा मुलांच्या नावावर करताना ती जुनी नोंद पुढे येते, आणि तोवर कर्ज दिलेली शाखा बंद झालेली असते किंवा बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते.