वहीवरचा शेरा

इंग्रजीच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात पहिल्या दिवशी मी एकच काम सांगतो : समोरचा निबंध, हाती लेखणी न घेता, अखेरपर्यंत वाचावा. हे काम दिसते तितके सुलभ नाही. कारण विद्यार्थ्याची वही ही तपासण्याची वस्तू आहे हा संस्कार वर्षानुवर्षांच्या सरावाने इतका दृढ झालेला असतो की, दुसऱ्याच ओळीपाशी हात आपसूक लाल शाईकडे वळतो.

मराठी माध्यमातल्या मुलांच्या वह्यांत हमखास आढळणारे एक वाक्य मी मग फळ्यावर लिहितो : ‘माय फादर मॉर्निंग फार्म गो.’ क्रियापद शेवटी गेले, ‘इन’ आणि ‘टू’ गळाले, ‘गो’चा प्रत्यय राहून गेला, अशी यादी शिक्षक तत्काळ देतात, आणि ती बिनचूक असते. परंतु त्याखाली ‘माझे वडील सकाळी शेतात जातात’ हे वाक्य मांडले, म्हणजे वर्ग क्षणभर स्तब्ध होतो. कारण ‘सकाळी’ आणि ‘शेतात’ ह्या शब्दांच्या पोटातच विभक्ती असल्यामुळे, तिच्यासाठी इंग्रजीत निराळा शब्द योजावा लागतो ह्याची त्या मुलाला कल्पनाच नसते, हे तेथे प्रत्यक्ष दिसते. भाषाविज्ञानाचे अभ्यासक एस. पिट कॉर्डर ह्यांनी १९६७ साली चुकांचे महत्त्व प्रतिपादिले ते ह्याच अर्थाने : शिकणाऱ्याच्या मनात भाषेची कोणती व्यवस्था आकार घेत आहे, ह्याचा चूक हा दाखला होय.

मग अशी चूक दुरुस्त करावी की नाही? पुढे १९९६ मध्ये दुसऱ्या भाषेतील लेखनाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट ह्यांनी लेखनातील व्याकरणदुरुस्ती सोडूनच द्यावी असे मत मांडले, आणि त्याच क्षेत्रातील डेना फेरिस ह्यांनी १९९९ मध्ये त्याचा प्रतिवाद केला. माझा कौल फेरिस ह्यांच्या बाजूने आहे. मात्र दुरुस्ती मोजकी हवी. एका निबंधात एकाच प्रकारच्या चुकीखाली रेघ ओढावी, शुद्ध रूप आपण लिहून देऊ नये, आणि ‘सुधारणा आवश्यक’ ह्या मोघम शेऱ्याऐवजी ‘शेतात वडील काय पेरतात?’ असा खराखुरा प्रश्न समासात विचारावा. त्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मूल क्रियापद योग्य जागी नेण्याची खटपट करते, कारण आता त्याला कोणाला तरी काही सांगावयाचे असते.

तथापि मुलाला पुन्हा लिहिण्यास अवधीच मिळाला नाही, तर उत्तमातला उत्तम शेराही व्यर्थ होय. म्हणून मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की, तपासलेल्या वह्यांची संख्या मागण्यापूर्वी त्यांनी वेळापत्रकात आठवड्याचा एक तास पुनर्लेखनासाठी राखून ठेवावा.