जबड्याचे पाठभेद

साहित्याच्या विद्यार्थ्याने जीवाश्मांविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. मला मात्र जीवाश्म हा नेहमीच एखाद्या खंडित पोथीसारखा वाटत आला आहे. पोथी एकच असते. पाठ मात्र वाचणाऱ्यागणिक बदलतात.

१७८०च्या सुमारास आजच्या नेदरलँड्समधील मास्ट्रिक्टजवळ, सेंट पीटर टेकडीच्या चुनखडीच्या खाणीत एका प्रचंड प्राण्याचे जबडे सापडले. होफमन या लष्करी शल्यवैद्याला ती मगर वाटली. पेट्रस कांपर या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने १७८६ साली तो देवमासा ठरवला. त्याच्याच मुलाने, आद्रियान कांपरने, वडिलांचे मत बाजूला सारून घोरपडीच्या कुळाकडे बोट दाखवले आणि १८०८ मध्ये क्युव्हिएने त्यावर शिक्कामोर्तब केले. मगरीला किंवा देवमाशाला टाळूवर दात नसतात. या प्राण्याला ते होते. पुढे १८२२ साली, मास्ट्रिक्टवरून वाहणाऱ्या म्यूज नदीच्या लॅटिन नावावरून, त्याला ‘मोसासॉरस’ म्हणू लागले. हे सागरी सरपटणारे प्राणी सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नामशेष झाले.

शास्त्रातले हे पाठभेद पुराव्याने मिटले. या जबड्याची मालकी सांगणारी कथा मात्र अधिक चिवट निघाली.

ती कथा फोजास द सँ-फाँ या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने लिहिली. जबडा होफमनने कष्टाने खणून काढला. वरच्या जमिनीचा मालक असलेल्या गोडिंग नावाच्या धर्माधिकाऱ्याने खटला भरून तो बळकावला. १७९४ मध्ये फ्रेंच फौजेने शहराला वेढा घातला, तेव्हा गोडिंगच्या घरावर तोफा डागू नयेत असा हुकूम निघाला. धूर्त गोडिंगने जबडा लपवला. मग शोधून आणणाऱ्याला वाइनच्या ६०० बाटल्यांचे बक्षीस जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी बारा शिपाई तो घेऊन हजर झाले! अन्यायाचे परिमार्जन झाले, जबडा पॅरिसला गेला.

कथा बेतीव आहे, हे वाचतानाच जाणवते. पुढील संशोधकांनी दप्तरे धुंडाळली, तेव्हा अशा खटल्याचा मागमूस लागला नाही. जबडा बहुधा मुळापासून गोडिंगचाच होता. आणि निवेदक कोण? फ्रेंच फौजेबरोबर वैज्ञानिक ऐवज गोळा करण्यासाठी आलेला अधिकारी. लुटलेली वस्तू मुळात चोरीचीच होती असे ठरले, की लूट हा न्याय होतो. वाइनच्या बाटल्या हे या कथेचे अलंकरण. तिचे खरे काम आहे तो खटला.

घोरपड म्हटले की मराठी मनाला सिंहगड आणि यशवंती आठवते. तीही अनेक अभ्यासकांच्या मते दंतकथाच. पण त्या दंतकथेने कुणाची वस्तू हिरावली नाही, कुणा निरपराधाला चोर ठरवले नाही; तिने पराक्रमाला एक रूप दिले, इतकेच. सगळ्या दंतकथा एकाच तराजूत तोलता येत नाहीत, हे मला या दोन घोरपडींनी शिकवले. कथा खरी की खोटी, एवढे विचारून समीक्षकाचे काम संपत नाही. ती कुणाच्या पदरात काय टाकते आणि कुणाच्या पदरातून काय काढून घेते, हेही विचारावे लागते.

अविश्वसनीय निवेदक शिकवायचा असतो, तेव्हा कादंबरीआधी मी वर्गात हीच कथा सांगतो. बाटल्यांपाशी सगळे हसतात. मग मी निवेदकाचा हुद्दा सांगतो.

१८२९ साली या प्राण्याच्या नावाला ‘होफमनी’ हे पद जोडले गेले. नदी नावात आहे, शल्यवैद्य नावात आहे. जबडा पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. गोडिंग मात्र उरला आहे तो फोजासच्या कथेत, खलनायक म्हणून.