काठीबद्दलचं मत

काठी जितकी लांबवता येईल तितकी लांबवावी, असं माझं ठाम मत होतं. कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असे. मला मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) आहे. नागपुरात या आजाराची कुणी नवी पेशंट भेटली की माझा पहिला सल्ला हाच असायचा, की एकदा काठी हातात आली की सुटत नाही, पायांना फुकटची सवय लागते.

या मतामागे एक आकडाही होता. जॉन कुर्ट्झके या अमेरिकन डॉक्टरांची 1983 पासून वापरात असलेली एक मोजपट्टी आहे, शून्य ते दहाची. न्यूरॉलॉजिस्ट तिच्यावर आमचा आजार मोजतात. चारच्या पुढे ही मोजपट्टी बहुतेक चालण्याचीच होते. विश्रांती न घेता, आधाराशिवाय किती मीटर चालता, एवढाच प्रश्न. आणि सहा म्हणजे काठी : शंभर मीटर जायला एका बाजूचा आधार लागतो तो सहावर. दोन्ही बाजूंनी आधार घेऊन जेमतेम वीस मीटर, तो साडेसहावर. हे कळल्यापासून काठी घेणं म्हणजे आपल्याच हाताने आपल्या फाइलवर सहा लिहिणं, असं मला वाटायचं.

शिवाय व्यायामाची बाजू होतीच. आमच्या आधीच्या पिढीतल्या पेशंटना डॉक्टर सांगत, दमू नका, पडून राहा. 1996 साली अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात एमएसच्या रुग्णांकडून 15 आठवडे नियमित व्यायाम करून घेतला गेला. त्यांचा दम वाढला, ताकद वाढली, आजार काही वाढला नाही. तेव्हापासून ‘पडून राहा’ हळूहळू मागे पडलं. मी त्यातून माझ्या सोयीचा अर्थ काढला : पाय जितके राबवू तितके टिकतील, मग काठी कशाला?

मत हललं ते फिजिओथेरपीच्या खोलीत. तिथली मुलगी वयाने माझ्या भाचीएवढी. म्हणाली, ‘‘मॅडम, पाय जुळवून उभ्या राहा, आता डोळे मिटा.’’ मिटले आणि मी झाडासारखी झुलायला लागले. ही चाचणी एकोणिसाव्या शतकातली, बर्लिनच्या रोमबर्ग यांच्या नावाची. डोळे उघडे असताना स्थिर आणि मिटल्यावर डळमळ, म्हणजे तळपाय आणि सांध्यांकडून वर जाणारी खबर नीट पोचत नाही. तोल तीन खबरींवर चालतो : डोळे, आतला कान आणि पायांची जाणीव. ही तिसरी खबर पाठीच्या कण्यातल्या मागच्या तंतूंवरून जाते. या आजारात तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण जागोजागी निघतं, म्हणून निरोप उशिरा पोचतो किंवा अर्धवट. मग मेंदू सगळा भार डोळ्यांवर टाकतो. बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी का धडपडते, हे मला त्या दिवशी उमगलं. तोवर मी बाथरूमच्या फरशीला दोष देत होते.

मग ती म्हणाली, ‘‘आता डोळे मिटलेलेच ठेवा, फक्त एक बोट भिंतीला टेकवा. जोर द्यायचा नाही.’’ झुलणं जवळजवळ थांबलं. एका बोटाने माझं वजन थोडंच पेललं होतं? नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं : शरीराला सावरू शकणार नाही इतका हलका स्पर्शसुद्धा डुलणं कमी करतो. भिंत कुठे आहे, आपण तिच्यापासून किती कललो, एवढी बातमी बोटातून मिळाली की मेंदूचं काम भागतं.

घरी आले आणि दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या भिंतीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. कमरेच्या थोडं वर एक मळकट रेघ गेलेली. चौकटीपाशी जास्त काळी, मध्ये फ्रिज येतो तिथे तुटलेली, पुढे ओट्याच्या कडेपर्यंत. ती माझ्या बोटांची. घरात मी पडत नाही याचा मला अभिमान होता, आणि घरभर मी काठीच घेऊन फिरत होते, फक्त ती चुन्या-विटांची होती. बाहेर पडले की ती संपायची. चौकात भिंत कुठून आणणार?

काठी घेतली. साधी, घडीची, ॲल्युमिनियमची. माझा उजवा पाय फरपटतो, बोटं खाली पडतात, म्हणून काठी डाव्या हातात. हे बहुतेकांना उलटं वाटतं, दुकानदारालाही वाटलं. उंची मनगटाच्या घडीएवढी, कोपर किंचित वाकलेलं राहावं अशी. आधी झिजते ती खालची रबरी टोपी. ती झिजली की ओल्या फरशीवर काठीच घसरते, म्हणून टोपी बदलायला आळस नको. व्यायाम चालूच आहे. उलट, तोल सावरण्यात जाणारी शक्ती वाचते आणि अंतर वाढतं. रस्त्यातल्या ‘‘चक्कर येतेय का?’’ या चौकशा थांबल्या, आणि ‘ही बाई सकाळीच घेऊन आली की काय’ अशा नजराही.

आकड्याचं भय गेलं ते मात्र मे महिन्यामुळे. शरीर तापलं की खराब तंतूंतून निरोप आणखी रखडतो. उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी 1890 सालीच हे डोळ्यांच्या बाबतीत, श्रमांनंतर नजर मंदावते अशा रूपात, नोंदवलं होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात पहाटे मी काठी पिशवीत ठेवून बागेला फेरी मारते. दुपारी बारानंतर तीच मी गेटपर्यंतसुद्धा काठीशिवाय जाऊ शकत नाही, आणि कूलरसमोर बसले की तासाभरात पुन्हा माणसात येते. मग माझा आकडा कोणता, सकाळचा की दुपारचा? औषधांच्या चाचण्यांसाठी ती मोजपट्टी लागते, लागू दे. काठी केव्हा उघडायची हे मी तिला विचारत नाही.

एका बाबतीत मात्र माझं मत जुनंच आहे. चालताना माझ्याशी बोलू नका. चालणं माझ्यासाठी आपोआप होत नाही, लक्ष द्यावं लागतं, आणि ‘‘वहिनी, ते लग्नाचं काय ठरलं?’’ असं विचारलं की एक तर उत्तर अडखळतं नाहीतर पाय. आणि मागून दंड धरू नका. धरणाऱ्याला वाटतं आधार देतोय, पण तो मला माझ्या तोलाबाहेर ओढत असतो. तुमचं कोपर पुढे करा, मी धरते. माझ्या दिरांना हे किती वेळा सांगितलं असेल. ते ‘‘हो वहिनी’’ म्हणतात आणि पायरी आली की पुन्हा दंडच पकडतात.