भरलेला डबा

रविवारची उपासना संपली की लोक हात मिळवतात, 'जय ख्रिस्त' म्हणतात आणि घरी जातात. दुपारी जेवण झालं की मी मोबाईलवर पुढच्या रविवारचा शास्त्रपाठ उघडतो. कोणत्या रविवारी कोणता उतारा वाचायचा, हे आमच्याकडे आधीच ठरलेलं असतं. आवडीचं वचन निवडून आवडीचं बोलायची सोय नाही. सहा दिवस त्या उताऱ्यासोबत राहायचं आणि सातव्या दिवशी वीस मिनिटं बोलायचं. हे माझं काम.

त्या आठवड्यात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय आला. येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला. मी नाशिकचा, त्यामुळे द्राक्षमळा मला वेगळा समजून घ्यावा लागत नाही. मळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर आणतो. एक दिनार ठरतो, म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. मग तो नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना पाचलाही जातो. दर वेळी आणखी माणसं आणतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच दिनार ठेवतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

हा दाखला मी आधी दोनदा सांगितला होता. साचा तयार होता. पाच वाजताचे मजूर म्हणजे उशिरा देवाकडे वळलेले लोक, आणि देवाची कृपा तास मोजत नाही. आमेन. तिसऱ्यांदाही तेच चाललं असतं. कुणी तक्रार केली नसती.

पण मंगळवार माझा शब्दांचा दिवस. ही सवय मला पंडिता रमाबाईंमुळे लागली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायकांना समजेल अशा मराठीत. १९२२ साली त्या गेल्या आणि पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. एवढी बाई डोळ्यांसमोर असली की एका शब्दासाठी कोश उघडायचा कंटाळा करवत नाही.

मी अडलो तो शब्द होता 'रिकामे'. दिवसभर रिकामे का उभे आहात, असं धनी पाच वाजता विचारतो. मला त्यात कायम 'रिकामटेकडे' ऐकू यायचं. ग्रीकमध्ये तिथे 'आर्गोस' आहे. 'एर्गोन' म्हणजे काम, आणि त्याच्या आधी आपल्यासारखाच नकाराचा 'अ'. हा शब्द आळशी माणसालाही लागतो, पण इथे उत्तर त्या मजुरांनीच दिलंय: आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही.

बुधवारी सकाळी दूध आणायला निघालो. वाटेत आमच्या चौकात मजूर अड्डा भरतो. मी तिथून रोज जातो, त्या दिवशी थांबलो. टेम्पो आला, ठेकेदाराने बोट दाखवलं, तरणी पोरं चढली. मागे राहिले ते म्हातारे, एक लंगडणारा, आणि कडेवर मूल असलेली एक बाई. पाच वाजेपर्यंत कोण उरतं, ते मला तिथे दिसलं.

आणि पप्पा आठवले.

सहा वर्षांपूर्वी ते याच अड्ड्यावर उभे राहायचे. गवंड्याच्या हाताखाली बिगारी. वय अठ्ठावन्न. एकदा दुपारी बारालाच घरी आले. हातातला डबा तसाच भरलेला. मी तेव्हा धर्मशिक्षण घेत होतो, सुट्टीत घरी आलेलो. म्हणालो, "पप्पा, नुसतं कडेला उभं राहून काम मिळतं होय? पुढे व्हायचं, मागायचं." ते काही बोलले नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी डबा उघडला आणि जेवले.

शुक्रवारपर्यंत एक ओळही लिहून झाली नाही. ही गोष्ट सांगितली तर उपदेश रंगणार, हे मला ठाऊक होतं. त्याचीच भीती वाटली. पप्पा दर रविवारी शेवटच्या बाकावर बसतात. त्यांची लाज मी माझ्या वीस मिनिटांसाठी वापरायची?

शनिवारी रात्री त्यांना उतारा वाचून दाखवला आणि विचारलं.

ते म्हणाले, "पाच वाजता कोण कामावर घेतं? तरी ते उभे होते. का, सांग."

मला सांगता येईना.

"घरी कुठल्या तोंडानं जायचं, म्हणून. मी बाराला आलो, मला आत यायला घर तरी होतं."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि सकाळपासून राबले त्यांचंही खोटं नाही हं. दिवसभर उन्हात काढलाय त्यांनी. त्यांना वाईट ठरवू नको."

मी चाळलेल्या टीकाग्रंथांत कुरकुरणाऱ्यांना असं कुणी समजून घेतलं नव्हतं. पप्पा मात्र दोन्ही रांगांत उभे राहिलेले. कधी पहाटेच्या, कधी पाचच्या.

"सांगू का मग उद्या?"

"माझं नाव घालू नको. डब्याचं सांग."

रविवारी मी डब्याचं सांगितलं. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, असा अनुवादाच्या पुस्तकात नियम आहे, तोही सांगितला. कारण त्याचं पोट त्या पैशांवर असतं. घरच्यांची भूक तास मोजत नाही, म्हणून धन्याने पूर्ण दिनार दिला असावा, एवढंच म्हणालो. कुरकुरणाऱ्यांवर बोट ठेवलं नाही. उपदेश बारा मिनिटांत संपला. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी दारात माझा हात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. पप्पा बाहेर चपला शोधत होते.

लोकांना वाटतं, उपदेशक आठवडाभर उत्तरं गोळा करतो. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा उलट होतं. उतारा मला सहा दिवस घरातल्या घरात फिरवतो आणि जिथे मी चुकलो तिथे आणून सोडतो. पुलपीटवरून बोलणं त्यानंतरचं, आणि त्या मानाने सोपं.

नाव इथेही घातलेलं नाही. पण 'पुढे व्हायचं, मागायचं' असं मी पप्पांना म्हणालो होतो, त्याची माफी मंडळीसमोर मागून भागणार नाही. ती ओट्यावर बसून मागायची आहे. ती मी अजून मागितलेली नाही.